नोट्सचं ॲप की टास्कचं? आधी पसारा मोजा, मग ठरवा

ॲप निवडायचं म्हटलं की आपण तुलनेचे व्हिडिओ बघायला बसतो. कुठल्यात टॅग आहेत, कुठल्याचं विजेट छान दिसतं, कुठल्यात एआय आलंय, वर्षाचे किती पडतात. हे सगळं कळतं, पण आपल्या हातून नेमकं काय निसटतंय ते कळत नाही. काहींच्या हातून माहिती निसटते: गेल्या उन्हाळ्यात एसी दुरुस्त करून गेलेल्या माणसाचा नंबर, मुलाला कुठल्या औषधाची ॲलर्जी आली होती ते, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठल्या फाइलीत लावलंय ते. काहींच्या हातून तारखा निसटतात: विम्याचा हप्ता, गाडीची पीयूसी, 'उद्या कळवतो' म्हणून राहून गेलेलं उत्तर. पहिल्या माणसाला नोट्सचं ॲप लागतं, दुसऱ्याला टास्कचं.

नोंद आपण शोधायला जायची असते. काम मात्र ठरल्या वेळी आपल्याला शोधत यायला हवं. म्हणून नोट्सच्या ॲपची परीक्षा शोधण्यात होते आणि टास्कच्या ॲपची आठवण करून देण्यात. घोटाळा होतो तो दोन्ही प्रकारची ॲप एकमेकांच्या हद्दीत शिरल्यामुळे. गूगलच्या कीप या नोट्सच्या ॲपमध्ये चौकटी टाकून यादी करता येते, ॲपलच्या नोट्समध्येही येते. उलट टूडूइस्ट या टास्कच्या ॲपमध्ये प्रत्येक कामाखाली भलीमोठी टिपणं आणि फाइली जोडता येतात. मग दोन्हींत थोडं थोडं जातं आणि कशावरच भरवसा राहत नाही.

पसारा एका कागदावर आणा

निवडण्याआधी अर्धा तास काढा. फोनवर नाही, कागदावर. गेल्या दोन-तीन आठवड्यांत 'हे लक्षात ठेवलं पाहिजे' म्हणून तुम्ही जे जे कुठेतरी खुपसून ठेवलंय ते गोळा करायचं आहे. जागा साधारण ठरलेल्या असतात. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज (ही सोय भारतात २०२२ च्या अखेरीस आली, त्याआधी लोक त्यासाठी एकट्याचा ग्रुप काढायचे), गॅलरीतले स्क्रीनशॉट, मुद्दाम न वाचलेले ठेवलेले ईमेल, पाकिटातल्या पावत्यांच्या पाठी आणि भिंतीवरच्या कालनिर्णयचे चौकोन. तीस-चाळीस गोष्टी सहज निघतात.

आता प्रत्येकीपुढे एक अक्षर लिहा. 'मा' म्हणजे माहिती, 'का' म्हणजे काम, 'वे' म्हणजे वेळ ठरलेली गोष्ट: डॉक्टरांची अपॉइंटमेंट, पालकसभा, रेल्वेचं तिकीट. ही तिसरी रांग या वादातून काढूनच टाका. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर राहायचं असेल तर ते कॅलेंडरमध्ये जातं, ना नोट्समध्ये ना टास्कमध्ये. ही वाटणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. वेगवेगळ्या कॅलेंडर ॲपना एकमेकांची माहिती वाचता यावी म्हणून 'आय-कॅलेंडर' नावाचं एक तांत्रिक मानक आहे. १९९८ साली ते ठरलं तेव्हाच त्यात घटना, करायचं काम आणि रोजनिशीतली नोंद असे तीन वेगळे प्रकार होते.

काही गोष्टी अडतील. आईचा पासपोर्ट घ्या. त्याचा नंबर आणि मुदत संपायची तारीख ही माहिती झाली. पण बऱ्याच देशांना पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, म्हणून मुदतीच्या नऊ-दहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करणं हे काम झालं. एका गोष्टीच्या दोन ओळी होतात आणि त्या दोन ठिकाणी जातात. गॅसचंही तेच. कॅलेंडरच्या चौकोनात 'गॅस लावला' असं लिहायची रीत घरोघरी आहे. ती नोंद आहे, सिलिंडर किती दिवस पुरतो ते तिच्यावरून कळतं. 'गॅस बुक करणे' हे काम. भिंतीवरचं कॅलेंडर दोन्ही सांभाळतं, कारण चहा पिताना ते रोज नजरेसमोर असतं. फोनमधलं ॲप उघडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तिथे वाटणी करावी लागते.

'कोकण', 'बाथरूमचं लिकेज', 'पीपीएफ' अशा एकशब्दी ओळीही सापडतील. त्यांच्यापुढे तूर्त प्रश्नचिन्ह टाका. त्यांच्याकडे पुढे येतो.

मोजताना नुकसानही बघा

'मा' किती आणि 'का' किती ते मोजा. ज्याची संख्या जास्त ते ॲप घ्या, असं मात्र म्हणणार नाही. तीस नोंदी आणि पाच कामं असतील, पण त्या पाचांपैकी दोन राहून गेल्यामुळे दंड भरावा लागला असेल, तर तुमचं दुखणं कामांचं आहे. पीयूसी नसल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात ₹१०,००० पर्यंत दंडाची तरतूद आहे. एसीवाल्याचा नंबर सापडला नाही तर फार तर शेजाऱ्याला विचारावं लागेल.

म्हणूनच पारडं समसमान दिसलं तर माझं मत टास्कच्या बाजूने. विस्कटलेली माहिती निदान शोधता येते. जीमेल, व्हॉट्सॲप, गॅलरी या सगळ्यांत शोध आहे. उलटून गेलेली तारीख शोधून परत मिळत नाही.

याला अपवाद आहेत. ज्यांचं कामच नोंदींचं आहे त्यांनी नोट्सपासून सुरुवात करावी: संशोधक, वकील, पत्रकार, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्याच्या दिवसात पाच कामं असतात आणि पाचशे टिपणं. त्याला टास्कचं दणकट ॲप घेऊन करायचंय काय? फोनमधलं साधं रिमाइंडर पुरतं.

आणि कुणाकुणाला दोन्ही नको असतात, तेही खुशाल मान्य करावं. निवृत्त माणूस असेल, महिन्याला दहा तारखा सांभाळायच्या असतील आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नीट सांभाळल्या जात असतील, तर मुलांनी त्यांना ॲप शिकवायचा उत्साह आवरावा. नोव्हेंबरात द्यायच्या हयातीच्या दाखल्याची आठवण फोनवर लावून दिली की झालं. वय ८० च्या पुढे असेल तर केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

ॲप कोणतं

इथे फार वेळ घालवू नका. फोनबरोबर जे आलंय त्याने सुरुवात करा आणि महिनाभराने नेमकी अडचण सांगता आली तरच बदला.

अँड्रॉइड आणि जीमेल असेल तर कामांसाठी गूगल टास्क्स, नोंदींसाठी कीप. टास्क्समधली तारीख घातलेली कामं गूगल कॅलेंडरवरही दिसतात आणि जीमेलमधून एखादं ईमेल थेट काम म्हणून टाकता येतं. या सोयीमुळे इनबॉक्सचा अर्धा पसारा जातो. कीपमध्ये लावलेली आठवणही आता टास्क्समध्येच जाते. गूगलनेच हद्द आखून दिली आहे म्हणायची. कीप लांब मजकुरासाठी नाही. चार-पाच पानांची टिपणं करणार असाल तर वेगळं काही बघावं लागेल. घरच्यांबरोबर वाटून घ्यायची वाणसामानाची यादी मात्र कीपमध्येच ठेवा. तिथे दुसऱ्याला सहभागी करून घेता येतं आणि दुकानात उभं राहून दोघं एकाच यादीवर खुणा करू शकता. चौकटी असल्या तरी वाणसामानाची यादी ही कामांची यादी नव्हे. काम एकच आहे, 'वाण्याकडे जाणे'. साखर, पोहे, तूरडाळ ही त्या कामाला लागणारी माहिती. प्रवासाच्या सामानाच्या यादीचंही असंच. ती नोट्समध्ये राहते, प्रत्येक वेळी खुणा पुसून पुन्हा वापरायची.

आयफोन असेल तर नोट्स आणि रिमाइंडर्स. रिमाइंडर्समध्ये जागेवर आधारित आठवण लावता येते: ऑफिसातून निघालो की, घरी पोचलो की. 'संध्याकाळी सहा वाजता औषधं आणणे' यापेक्षा 'ऑफिसातून निघाल्यावर औषधं आणणे' ही आठवण कामाला येते, कारण सहा वाजता तुम्ही मीटिंगमध्ये असता.

ऑफिसात आउटलूक असेल तर मायक्रोसॉफ्ट टू डू आणि वननोट. आउटलूकमध्ये झेंडा लावलेलं ईमेल टू डूमध्ये काम म्हणून दिसू लागतं, आणि टू डूची यादी इतरांना देता येते.

याच्या पलीकडे कधी जायचं? पुन्हा पुन्हा येणारी कामं बरीच असतील तर टूडूइस्ट किंवा टिकटिक बघा. पुनरावृत्ती दोन प्रकारची असते आणि साध्या ॲपमध्ये दुसरा प्रकार सहसा नीट सांभाळला जात नाही. घरभाडं दर महिन्याच्या ५ तारखेला. मागच्या वेळी ९ तारखेला दिलं म्हणून पुढचं ९ ला होत नाही. पण पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग मागची झाली तिथपासून सहा महिन्यांनी. ती महिनाभर लांबली तर पुढचीही महिनाभर लांबायला हवी. टूडूइस्टमध्ये 'एव्हरी' या शब्दापुढे उद्गारचिन्ह टाकलं की ते काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजतं. टिकटिकमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो. टूडूइस्ट २००७ पासून आहे, मोफत योजनेत पाच प्रोजेक्ट मिळतात, घरासाठी तेवढे पुरतात. एक लक्षात ठेवा, मजकुरातून तारीख ओळखण्याची त्याची करामत मराठीत चालत नाही. 'उद्या सकाळी ९' लिहून काही होणार नाही. तारीख बोटाने निवडा.

नोंदींच्या बाजूला ऑब्सिडियन आणि नोशन ही दोन नावं सतत ऐकू येतात. ऑब्सिडियनच्या नोंदी तुमच्याच यंत्रावर साध्या मजकुराच्या फाइली म्हणून राहतात. ॲप मोफत आहे, फेब्रुवारी २०२५ पासून ऑफिसच्या वापरासाठीही. फोन आणि लॅपटॉपवरच्या नोंदी एकसारख्या ठेवणारी त्यांची सिंक सेवा मात्र विकत घ्यावी लागते. वर्षानुवर्षं साठवायची टिपणं असतील तर मी हेच सुचवेन. नोशनमध्ये तक्ते, डेटाबेस, पानात पान असं सगळं आहे आणि टीमची माहिती एका ठिकाणी ठेवायला ते उत्तम आहे. घरगुती वापराला मात्र नको. त्यात माणूस कामं करण्याऐवजी कामांचा डॅशबोर्ड सजवत बसतो. शिवाय इंटरनेटविना वापरायची सोय त्यात ऑगस्ट २०२५ पर्यंत नव्हती. घाटातून जाणाऱ्या गाडीत बसून ज्यांना टिपणं हवी असतात त्यांना हा मुद्दा समजेल.

आठवण खरंच वाजते का?

टास्कचं ॲप घेतल्यावर सर्वांत आधी हे तपासा, कारण अँड्रॉइडवर इथेच बहुतेकांची निराशा होते. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी ॲप बंद करतो, मग ॲप बिचारं आठवण करणार कशी? शाओमी, ओप्पो, व्हिवो, रियलमी यांच्या फोनवर हा प्रकार जास्त.

ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो'मध्ये जा, 'बॅटरी'खाली 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. 'ऑटोस्टार्ट' दिसलं तर तेही चालू करा. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायला ॲपला वेगळी परवानगी लागते. इन्स्टॉल करताना घाईत 'डोन्ट अलाउ' दाबलं गेलं असेल तर ती तिथेच पुन्हा देता येते. अँड्रॉइड १४ पासून नेमक्या मिनिटाला वाजायची परवानगीही नव्या ॲपना सहसा आपोआप मिळत नाही. सेटिंग्जमध्ये 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' असं शोधा आणि तिथे तुमच्या ॲपचं बटण चालू करा.

मग एक चाचणी घ्या. पाऊण तासानंतरची आठवण लावा, फोन कुलूपबंद करून बाजूला ठेवा आणि हात लावू नका. वेळेवर वाजली तर ठीक. फोन उघडल्यावर उशिराने टपकली तर परवानग्या पुन्हा बघा. एवढं करूनही जमलं नाही तर ॲप बदला. जे वेळेवर वाजत नाही त्याचे बाकीचे गुण काय कामाचे?

काम कसं लिहायचं

आता त्या प्रश्नचिन्हांकडे. 'बाथरूमचं लिकेज' हे काम नाही, ती तक्रार आहे. काम म्हणजे उद्या तुम्ही प्रत्यक्ष काय कराल ते: 'वरच्या मजल्यावरच्यांना लिकेज दाखवणे'. मग 'प्लंबरला बोलावणे'. प्रत्येक एकशब्दी ओळीची पुढची एक कृती लिहा, सगळ्या नकोत. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं होतं, की अपुऱ्या राहिलेल्या गोष्टी डोक्यात घोळत राहतात, पण त्या कधी, कुठे, कशा करायच्या हे नेमकं ठरवलं की घोळणं कमी होतं. काम तेव्हा झालेलंही नसतं. 'पीपीएफ' एवढंच लिहून ठेवलेल्या यादीने डोकं हलकं होत नाही, ते यामुळे असावं.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि फोनची सूचना किंवा विजेट शेवट कापून टाकतं. 'विमा कंपनीच्या एजंटला मागच्या हप्त्याच्या…' एवढंच दिसतं. त्याला फोन करायचाय की पैसे द्यायचेत ते कळत नाही. म्हणून कृती आधी लिहा, व्याकरणाची चिंता सोडून: 'फोन – विमा एजंट, मागच्या हप्त्याची पावती'. 'भरणे – लाइट बिल'. 'विचारणे – शाळेत, बसचा मार्ग'. याचा दुसरा फायदाही होतो, सगळे 'फोन' एका बैठकीत उरकता येतात.

तारखेबाबत मात्र कंजूष राहा. जी तारीख उलटली तर खरोखर काहीतरी बिघडतं तेवढीच घाला. 'माळा आवरणे – रविवार' अशा हौसेच्या तारखा उलटून गेल्या की यादी लाल होते, आणि एकदा लाल रंगाची सवय झाली की खऱ्या तारखेकडेही दुर्लक्ष होतं. टास्कची ॲप लोक सोडून देतात त्याचं सर्वांत मोठं कारण माझ्या मते हेच आहे. माळ्याला तारीख नको. 'कधीतरी' नावाची वेगळी यादी करा आणि त्याला तिथे सुखाने पडून राहू द्या.

एक उदाहरण नीट बघू: सोसायटीची वार्षिक सभा

दोन्ही ॲप जोडीने कशी चालवायची ते दाखवायला गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीइतकं चांगलं उदाहरण नाही. त्याच्याकडे माहितीही ढीगभर आणि तारखाही कायद्याने बांधलेल्या. महाराष्ट्रात सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. पूर्ण म्हणजे नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस सोडून.

२०२६ चंच गणित मांडू. सभा रविवारी, २७ सप्टेंबरला धरली तर नोटिशीचा शेवटचा दिवस १२ सप्टेंबर, शनिवार. आणि १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. म्हणजे शनिवारी निम्मी सोसायटी गावी निघालेली किंवा निघायच्या गडबडीत. १२ तारीख कागदावर बरोबर असली तरी व्यवहारात निरुपयोगी. मग कामांची यादी अशी उलट्या दिशेने लागते:

– १५ जुलै: फोन – लेखापरीक्षक, अहवाल कधी मिळेल
– १७ ऑगस्ट: कळवणे – कमिटीला, २२ तारखेच्या बैठकीचे विषय
– २९ ऑगस्ट: छापायला देणे – नोटीस, हिशेबपत्रकांसह
– ५ सप्टेंबर: वाटणे – नोटिसा, पोच सही घेऊन
– १० सप्टेंबर: तपासणे – कोणाची सही राहिली

२२ ऑगस्टची कमिटीची बैठक आणि २७ सप्टेंबरची सभा या यादीत नाहीत, कारण त्या कॅलेंडरमध्ये आहेत. (२५ तारखेला अनंत चतुर्दशी, त्यानंतर पितृपक्ष. कुणाकडे लग्न नाही की मुंज नाही, म्हणजे गणसंख्येला, सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, बरा मुहूर्त.)

नोट्समध्ये काय जातं? गेल्या सभेचं इतिवृत्त. गणसंख्येचा नियम: आदर्श उपविधींनुसार एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतला कमी असेल तो आकडा. मंडपवाला, माइकवाला, चहावाला यांचे नंबर आणि गेल्या वर्षी त्यांनी घेतलेले पैसे. कुठल्या फ्लॅटचे मालक परदेशात आहेत आणि त्यांना नोटीस कुठल्या ईमेलवर जाते. यातल्या कशालाच तारीख नाही, पण ५ सप्टेंबरला नोटिसा वाटताना यातलं निम्मं लागणार आहे.

दोन्ही जोडायचं कसं? ऑब्सिडियन, वननोट, नोशन यांत नोंदीची लिंक कॉपी करून कामाखाली चिकटवता येते. पण लिंक ॲप बदललं की मरते. त्यापेक्षा कामाच्या तपशिलात नोंदीचं नेमकं शीर्षक लिहा: 'बघा – वार्षिक सभा २०२५, वाटप यादी'. शीर्षक कुठल्याही ॲपमध्ये शोधता येतं.

खरी कसोटी सभेनंतर लागते. ठराव झाला: टेरेसचं वॉटरप्रूफिंग करायचं, तीन कोटेशन मागवायची. तो इतिवृत्तात लिहिला जातो, सगळे चहा पितात आणि पुढच्या वर्षीच्या सभेत कुणीतरी विचारतं, 'कोटेशनचं काय झालं?' इतिवृत्त ही नोंद आहे आणि नोंद कुणाला हाक मारत नाही. म्हणून त्याच रात्री इतिवृत्ताचा मसुदा डोळ्यांखालून घाला आणि जिथे जिथे भविष्यकाळ दिसेल तिथून एक काम काढा: 'मागवणे – वॉटरप्रूफिंगची ३ कोटेशन'. दुसऱ्याने करायचं असेल तर तुमच्या यादीत 'विचारणे – खजिनदारांना, एफडीच्या नूतनीकरणाबद्दल' असं येईल. त्यांच्या कामाची आठवण त्यांच्या फोनवर वाजणार नाहीये. ऑफिसच्या मीटिंगचं, डॉक्टरांच्या भेटीचं, पालकसभेचंही हेच करायचं: टिपणं नोट्समध्ये, त्यातली क्रियापदं टास्कमध्ये, आणि हे त्याच दिवशी.

मराठी नोंदी सापडाव्यात म्हणून

आपण एकाच गोष्टीला चार नावांनी ओळखतो. लाइट बिल, वीज बिल, महावितरण, एमएसईबी. लिहिताना एक, शोधताना दुसरं. उपाय सोपा आहे, नोंदीच्या पहिल्या ओळीत दोन-तीन नावं सलग लिहून टाका: 'लाइट बिल, वीज बिल, महावितरण – ग्राहक क्रमांक'. ओबडधोबड दिसेल, पण सापडेल. टॅगांची रचना करत बसण्यापेक्षा हे बरं.

दुसरी गोष्ट कीबोर्डची. 'ॲ' हे अक्षर काही कीबोर्ड एकसंध टाकतात तर काही 'अ'वर चंद्र ठेवून जोडतात. दिसायला जवळपास सारखं, पण संगणकाच्या दृष्टीने वेगळं. 'दुसऱ्या'सारख्या शब्दांतला अर्धा 'र'ही दोन प्रकारे टाइप होतो. फोनवर लिहिलेली नोंद लॅपटॉपवर शोधताना सापडत नाही ती बरेचदा यामुळे. 'ॲग्रीमेंट' सापडलं नाही तर 'भाडेकरार' शोधा. म्हणूनही पहिल्या ओळीत दोन नावं हवीत. आकडेही देवनागरीत ४०२ लिहिलेत तर इंग्रजी आकड्यांनी शोधून मिळतीलच असं नाही. एकच पद्धत ठरवा.

आणि काही गोष्टी नोंदीत ठेवूच नका. पासवर्ड, एटीएमचा पिन, आधारचा पूर्ण क्रमांक. पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर असतो, कागदपत्रांसाठी डिजिलॉकर. घरातल्या तीन जणांना उघडता येणाऱ्या कीपमध्ये बँकेचा पिन 'सोपं पडतं' म्हणून ठेवलेला मी पाहिला आहे.

बाहेर पडायची वाट आधी बघा

ॲप बंद पडतात, विकली जातात, अटी बदलतात. वंडरलिस्ट हे टास्कचं अतिशय लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि ६ मे २०२० रोजी बंद केलं. नोट्सच्या बाजूला एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस मोफत योजना ५० नोंदी आणि एका वहीवर आणली. हजारो नोंदी साठवलेल्यांची पळापळ झाली. ॲस्ट्रिड नावाचं टास्कचं ॲप याहूने २०१३ मध्ये घेऊन त्याच वर्षी बंद केलं. त्याचा कोड खुला असल्यामुळे तो वाचला आणि त्यातूनच टास्क्स डॉट ऑर्ग हे आजचं ॲप उभं राहिलं.

कामांच्या बाबतीत याची फार धास्ती नको. चालू कामं पन्नास-साठ असतात, एका संध्याकाळी हाताने दुसरीकडे नेता येतात. झालेल्या कामांचा इतिहास कुणाला हवाय? नोंदींचं तसं नाही, त्या दहा वर्षांच्या असतात. म्हणून टास्कचं ॲप निवडताना चोखंदळ राहायची गरज कमी आणि नोट्सचं निवडताना जास्त. दहा-बारा नोंदी टाकल्यावर लगेच 'एक्सपोर्ट' करून, म्हणजे त्या ॲपमधून फाइल म्हणून बाहेर काढून बघा. गूगलच्या सेवांसाठी 'टेकआउट' आहे. निघालेली फाइल दुसऱ्या कुठल्या ॲपशिवाय उघडून वाचता येते का, मराठी अक्षरं शाबूत आहेत का, फोटो आले का, एवढं पाहा. यात नापास झालेल्या ॲपमध्ये पुढची टिपणं भरू नका.

आठवड्याला वीस मिनिटं, आणि महिन्याने हिशेब

दोन्ही ॲप लावली तरी पसारा पुन्हा व्हॉट्सॲपवर जमतोच, आणि तो अडवायचा प्रयत्न करू नये. रस्त्यात उभं असताना स्वतःला मेसेज टाकणं हेच सर्वांत सोपं असतं. तिथे आठवडाभर जमू द्या. मग सुटीच्या आदल्या संध्याकाळी वीस मिनिटं बसून एकेक मेसेज योग्य जागी हलवा आणि तिथून पुसा. त्याच बैठकीत पुढच्या आठवड्याच्या तारखा बघा आणि दोनदा पुढे ढकललेल्या कामाची तारीख काढून टाका किंवा कामच खोडा.

महिना झाला की दोन आकडे बघा. मुदत उलटलेली कामं किती साचली? दहाच्या वर असतील तर ॲपचा दोष नाही, तारखा सढळ हाताने घातल्यात. आणि या महिन्यात किती जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या? दोन-तीनच असतील तर तुम्हाला नोट्सचं मोठं ॲप नकोच होतं, फोनमधलं साधं पुरेल. याउलट शोधूनही न सापडलेल्या नोंदी जास्त असतील तर मात्र चांगल्या शोधाचं ॲप घ्यायला खर्च करायला हरकत नाही.

सोडायचं ठरलेल्या ॲपमधून आधी एक्सपोर्ट काढून फाइल दोन ठिकाणी ठेवा. त्याचं सदस्यत्व घेतलं असेल तर नुसतं ॲप काढून टाकल्याने ते रद्द होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या प्रोफाइलवर जाऊन 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली 'सबस्क्रिप्शन्स', तिथून रद्द करावं लागतं. मोफत चाचणी घेतली असेल तर तेही काम मुदत संपायच्या दोन दिवस आधीच्या तारखेने यादीत टाकून ठेवा.